हात नको म्हणाला तो उन्हाळा

रंगपंचमी झाली आणि आमच्या गल्लीत पुन्हा वाळूचे ट्रॅक्टर सुरू झाले. तेरमध्ये उन्हाळा आधी कानांना कळतो. खडी ओतल्याचा खडखडाट, मिक्सरची घरघर, सळई कापल्याची ती दात आंबवणारी किरकिर. आणि माझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर सिमेंटची पिठी. शेजारच्या घरावर दुसरा मजला चढतोय. मी खाली उभी राहून ओरडले, "अरे, मधी एखादं गोणपाट तरी बांधा की!" वरून कुणीतरी "व्हय काकू" म्हणालं, आणि कुणीही काहीही केलं नाही. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, हाटून हाटून खांदे दुखेस्तोवर घातलेल्या कुरडया. आता तळल्या तर दाताखाली भिंत येईल.

सगळ्यांना मिरगाच्या आत घर पुरं करायचं असतं. विहिरी तळाला जातात, टँकरपुढं घागरींची रांग लागते, तरी नव्या भिंतीला मारायला कुठून ना कुठून पाणी येतंच. संध्याकाळी गल्लीतून चाललं की ओल्या सिमेंटचा गार वास येतो. लोकांना तो आवडतो. मलाही आवडायचा. तीन उन्हाळ्यांमागं तो नावडायला लागला, आणि अजून पुरता आवडत नाही.

माझे यजमान गवंडी. नाव दत्तात्रय, पण कळंबपासून ईटपर्यंत जिथं जिथं त्यांनी भिंती उभ्या केल्या, तिथं सगळे त्यांना दत्ता मिस्त्री म्हणतात. लग्नानंतर मी चारचौघींसारखी 'अहो' म्हणत होते. पुढं कधी 'मिस्त्री' म्हणायला लागले ते आठवत नाही. मी इथल्याच अंगणवाडीत सेविका. मुलांना खिचडी देणं, गाणी शिकवणं, वजनं करणं हे माझं काम, असं मी नोकरीला लागले तेव्हा मला सांगितलं होतं. आता माझं काम फोनला तोंडं दाखवणं हे आहे. त्याबद्दल बोलेनच.

मिस्त्रींची एक खोड होती. कुणाच्याही घरी पाहुणा म्हणून गेले की पाणी पिण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. माझ्या भाचीचा साखरपुडा होता कळंबला. नवी वास्तू, मुलाकडचे लोक ऐटीत बसलेले, आणि हे कोपऱ्यात कान लावून उभे. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "गिलावा पोकळ हाय हितं. दोन पावसाळं काढंल, तिसऱ्याला पडंल." मी तोंड लपवून स्वयंपाकघरात गेले. परतताना एस्टीत मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला, "मावशी, पडला गं." तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही. कशाला आणखी चढवून ठेवा?

त्यांची सुट्टी अमावास्येला. आमच्याकडं गवंडी अमावास्येला थापीला हात लावत नाहीत. पूर्वी म्हणे त्या दिवशी रचलेली भिंत टिकत नाही अशी समजूत होती. मिस्त्रींचा त्यावर कितपत विश्वास होता देव जाणे, पण सुट्टीवर पूर्ण विश्वास होता. त्या दिवशी सावकाश आंघोळ, दाढी, आणि मग बसस्टँडजवळ रशीदभाईंच्या पंक्चरच्या दुकानात दुपारपर्यंत बैठक.

रशीदभाई म्हणजे मिस्त्रींचा जोडीदार. दोघं एकाच वर्षी कामाला लागले, एकाच बांबूच्या परांचीवर समोरासमोर उभे राहून भिंती चढवायचे. एका घराच्या सज्जाचं काम चालू असताना परांचीची दोरी सुटली आणि रशीदभाई दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. खुबा मोडला. जीव वाचला, पण चालणं वाकडं झालं ते झालंच. त्या दिवशी मिस्त्री घरी आले तेव्हा सदऱ्यावर रशीदभाईंच्या रक्ताचे डाग होते, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच परांचीवर चढले, कारण मालकाला अक्षय्य तृतीयेला घरात जायचं होतं. तेव्हापासून संध्याकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे. भाजी करपायची.

म्हणून, धाराशिवला मोठ्या सरकारी इमारतीचं काम निघालं आणि बाहेरच्या एका कंपनीनं गवंडी घ्यायला सुरुवात केली तेव्हा मिस्त्रींच्या मागं लागले ती मीच. हे मला लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर सगळा राग कंपनीवर काढून मी मोकळी व्हायचे.

"टोप देतात, पट्टा देतात, बूट देतात," मी म्हणाले. "आठ तासांची ड्यूटी. रविवारी सुट्टी. गळ्यात कार्ड. अजून काय पायजे माणसाला?"

"आपली कामं हायेत की," मिस्त्री म्हणाले.

"आपली कामं म्हणजे बांबू आन सुतळी. रशीदभाईंकडं बघा जरा."

रशीदभाईंचं नाव काढलं की ते मागं हटायचे, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते काढलं.

पहिल्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. पिवळा टोप, नारिंगी जाकीट, जाड बूट, कमरेला पट्टा. शाळेच्या स्नेहसंमेलनात उभं केल्यासारखे ताठ. मी तो फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. दिरानं लिहिलं, 'साहेब झाले आमचे भाऊ.' मी खुळ्यासारखी दिवसभर खूश होते.

आता त्या साहेबीची कथा ऐका. सकाळी पावणेसातला साइटवर हजर. मग सगळ्यांना उन्हात रांगेत उभं करून सुरक्षेची शपथ, हातपाय हलवायचे व्यायाम, आणि त्याचा फोटो. कुणी हललं की फोटो पुन्हा. मग हजेरी. फोनसमोर तोंड धरायचं, डोळे मिचकावायचे, फोन हिरवा झाला की आत. मिस्त्रींचं तोंड त्या फोनला पटायचं नाही. कधी टोपाची सावली, कधी घाम, कधी नुसतंच. "पुन्हा डोळे मिचकावा," असं तो फोन बाईच्या आवाजात सांगायचा. सव्वीस वर्षं भिंती बांधलेला माणूस रोज सकाळी एका फोनला डोळे मारत उभा. सुरुवातीला ते हसत सांगायचे, मीही हसायची. अंगणवाडीत माझं तेच चाललेलं. गरोदर बाई पोषण आहार घ्यायला येते, तिचं तोंड धरा, जुळत नाही, पुन्हा धरा, रेंज गेली, उद्या या. दिवस भरलेली बाई उन्हात दोनदा चालत येते, कारण फोनला ती ओळखू आली नाही. मला ओळखू येते ना ती! माझ्या मांडीवर बसून जेवलेली पोर आहे ती. पण मला कोण विचारतंय?

आणि काम काय? गिलावा. फक्त गिलावा. चार मजले, एकासारखी एक खोली, एकासारखं एक बाथरूम. वीट रचायची माणसं वेगळी, चौकटी बसवायची वेगळी, फरशीची वेगळी. मिस्त्री खोलीत शिरायचे, गिलावा करायचे, पुढच्या खोलीत जायचे. किती चौरस मीटर झालं ते फळ्यावर लागायचं. संध्याकाळी कुणीतरी फोटो काढून पुण्याला पाठवायचं आणि तिथून कुणीतरी, ज्यानं ती भिंत पाहिली नाही, हात लावला नाही, तो कळवायचा की तिसऱ्या मजल्यावरची सातवी खोली पुन्हा करा.

"काय चूक निघाली?" मी एकदा विचारलं.

"फोटोत सावली पडली हुती म्हणं."

"मग तुम्ही सांगितलं न्हाय?"

"कुणाला सांगू? फोटोला?"

आणि सुट्टी. पहिल्याच महिन्यात अमावास्येला मिस्त्री घरी थांबले तर दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांपुढं सुनावलं, ही अंधश्रद्धा इथं चालणार नाही, इथं आठवड्याची सुट्टी आहे, रविवारची, नियमानं. मला ते पटलं होतं. अंधश्रद्धा ती अंधश्रद्धाच. फक्त तो नियमाचा रविवार कधी आलाच नाही. या रविवारी स्लॅब, पुढच्या रविवारी पाहणी, त्याच्या पुढच्या रविवारी मागं पडलेलं काम भरून काढायचं. दाराशी लावलेल्या फळ्यावर मात्र 'साप्ताहिक सुट्टी: रविवार' असं ठळक लिहिलेलं होतं, आणि त्या फळ्याचाही फोटो पाठवत असत.

होळीपर्यंत मिस्त्री चिडायचे. चिडणारा माणूस बरा. चैत्र लागला आणि त्यांनी चिडणं सोडलं. संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसायचे, बूट काढायचे नाहीत. अर्धा तास, तास, तसेच. मी चहा ठेवायची, त्यावर साय धरायची. "बूट तरी काढा," म्हटलं की खाली बघायचे, जणू पाय दुसऱ्याचे आहेत. जेवायला काय वाढलं त्यांना कळायचं नाही. मी एकदा मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. त्यांनी निमूट खाल्ली आणि उठले. मी ताटाकडं बघत बसले. मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. भांडा की, ताट आपटा, आईला नावं ठेवा माझ्या, पण काहीतरी करा!

आणि मग जावेच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आम्ही गेलो. मिस्त्री खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, प्रसाद घेतला. भिंतीकडं मान वळवून पाहिलंही नाही. सगळे म्हणाले, दत्ताभाऊ किती शांत झालेत. मी प्रसादाची वाटी तशीच खाली ठेवली.

वैशाख लागला तशी परीक्षा आली. साइटवर आठवडाभराचं प्रशिक्षण, नंतर परीक्षा, नंतर प्रमाणपत्र. 'आता तुम्ही नुसते मजूर नाही, कुशल कारागीर म्हणून नोंद होणार,' असं सांगितलं होतं. मला बरं वाटलं. वाटलं, कागद मिळाला, कुणी नाव घेतलं की माणूस पुन्हा ताठ होईल. मी त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून दिला. परीक्षेला पांढरा सदरा घालून ते गेले, आणि तिथं त्यांना त्यावर नारिंगी जाकीट घालायला लावलं.

आधी हाताची परीक्षा. विटांची छोटी भिंत. ती मिस्त्रींनी दिलेल्या वेळेच्या निम्म्यात बांधली. लवकर झाली तर त्याला मार्क नव्हते. मग तोंडी. परीक्षक बाहेरगावचा, नम्र, हातात पुस्तिका. समोर कॅमेरा.

"ओळंबा म्हणजे काय, ते कॅमेऱ्याकडे बघून सांगा."

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं. मलासुद्धा माहीत आहे. मिस्त्री कॅमेऱ्याकडं बघत राहिले. परीक्षकानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "दोरी द्या, दावतो." तसं चालत नव्हतं. शब्दांत सांगायचं होतं. त्यांच्यामागं रांगेत असलेल्या, तीन महिन्यांपूर्वी थापी धरलेल्या माणसानं पुस्तिकेतलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी किनार, मिस्त्रींचा घाबरलेला फोटो, आणि खाली: 'सहाय्यक गवंडी'.

सहाय्यक! कुणाचे? या गावात ज्यांना विटेची बाजू कळते ती निम्मी माणसं यांच्या हाताखाली शिकली. तेरच्या मातीत नांगर घातला तरी जुन्या काळच्या हातभर विटा वर येतात. त्या हातात घेऊन हे सांगायचे, भाजताना आच कुठून लागली असेल. मी तो कागद टेबलावर आपटला. "परत द्या हा त्यांना!" मी म्हणाले. मिस्त्रींनी तो उचलला, घडी न पाडता कपाटात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाय की. म्या कुटं काय सांगू शकलो?"

यानंतर आठव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, अंगणवाडीत माझा फोन वाजला. साइटवरून. मिस्त्री आले नाहीत. सकाळी सहाला घरून निघालेला माणूस. माझ्या हातातलं खिचडीचं उलथनं खाली पडलं. मुलांना मदतनीस बाईंच्या हवाली करून मी धावले ती रशीदभाईंच्या दुकानात. त्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं, कुणाची तरी रिक्षा थांबवली आणि आम्ही धाराशिवच्या रस्त्याला लागलो. वाटेत मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे नाले बघत होते.

सात-आठ किलोमीटरवर चिंचेखाली गाडी स्टँडला लावलेली दिसली. टोप आरशाला अडकवलेला. मिस्त्री बुंध्याला टेकून बसले होते. डबा शेजारी, न उघडलेला. मला बघून दचकलेही नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं. आवाज नको तेवढा चढला होता. "पडलात का? चक्कर आली का?"

"न्हाय."

"मग हितं काय करताय?"

त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "गाडी चालवत हुतो," ते म्हणाले. "हात नको म्हणाला."

"म्हंजी?"

"म्हंजी नको म्हणाला. म्या काय करू?"

रशीदभाई कष्टानं खाली बसले, त्यांच्याशेजारी. "बसू दे भाभी," ते मला म्हणाले. "जरा बसू दे त्याला." आणि आम्ही तिघं त्या चिंचेखाली दुपारपर्यंत बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्या एस्ट्या बघत. मला अंगणवाडीची हजेरी पाठवायची होती. ती राहिली. त्याचं मला खुलासा मागणारं पत्र आलं नंतर.

पुढचे दिवस सल्ल्यांचे. जाऊ म्हणाली, नजर लागली, जाकीटवाला फोटो सगळीकडं टाकलास ना. दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पितात का?" हा माणूस चहासुद्धा दोनदा घेत नाही. डॉक्टरांनी सलाइन लावलं, रक्त तपासलं, म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, जरा ताण आहे, विश्रांती घ्या. मी विचारलं, "कुठून घ्यायची?" ते हसले. मी विनोद केला नव्हता.

शेवटी मी साइटवर गेले. भांडायलाच गेले, खोटं कशाला बोलू? सोबत टोप, जाकीट, पट्टा पिशवीत घातलेला. पत्र्याच्या केबिनमध्ये इंजिनीअर बसले होते, अक्षय नावाचे, सांगलीकडचे, वय सत्तावीस-अठ्ठावीस. मानेची कातडी उन्हानं सोललेली. दोन फोन टेबलावर वाजत होते, तिसरा कानाला.

"काकू, मिस्त्री रेडमध्ये गेलेत," त्यांनी फोन माझ्याकडं वळवला. नावापुढं लाल ठिपका. "चार दिवस गैरहजर. मी वरती काय सांगू?"

"चार दिवस आले न्हाईत, खरं आहे. पहिल्या दिवशी तर वाटेतच झाडाखाली बसून राहिले," मी म्हणाले. "त्याआधी कामाला लागल्यापासून एक रविवार मिळाला न्हाय. तो तुमच्या फोनमध्ये कुठल्या रंगात आहे?"

त्यांनी स्क्रीन वर-खाली सरकवून पाहिली. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "त्याला कॉलम नाही."

"असू द्या. त्यांना एक आख्खं काम द्या. पायापासून वरपर्यंत. एक छोटी खोली का असंना. वॉचमनची चौकी द्या. त्यांना म्हणू द्या, ही मी बांधली."

"काकू, इथं आख्खं कुणीच काही करत नाही." त्यांनी वाजणारा एक फोन पालथा घातला. "मी तिसरा आणि चौथा मजला. खाली काय चाललंय ते मला विचारू नका. दिवाळीपासून घरी गेलो नाही. मला पण चार दिवस झाडाखाली बसायचंय."

मला त्यांची कीव यायला नको होती. मी भांडायला गेले होते. पण डोळ्यांत लाल रेघा, आणि समोर चहाचा कप, त्यावर तीच साय. माझा सगळा वैताग कुणाच्या अंगावर टाकायचा तेच मला कळेना.

मी पिशवी टेबलावर ठेवली. "हे तुमचं सामान. ते आता येणार न्हाईत."

त्यांनी पट्टा बाहेर काढला, हातात धरला. "मग कुठं जाणार? परत बांबूवर? बिनापट्ट्याचे?" ते हळू बोलले. "काकू, तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा. पण मी आल्यापासून इथून एक माणूस खाली पडलेला नाही. रोज सकाळी मोजतो मी."

मी पिशवी तिथंच सोडून बाहेर पडले. ज्या लोकांनी माझ्या नवऱ्याला जिवंत ठेवायची एवढी काळजी घेतली, त्यांनीच त्याला बूट काढायचं विसरायला लावलं. दोन्ही खरं आहे. एकच खरं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

मिस्त्री घरी राहिले. पहिले काही दिवस नुसते झोपले. मग अंगणात बसू लागले. लोक कामं घेऊन यायचे, हे मान हलवून नको म्हणायचे. मी रोज सकाळी चिडून कामाला जायची आणि रोज दुपारी घाबरून परत यायची. पगार माझा येत होता, चूल पेटत होती. घरात माणूस पेटत नव्हता.

ज्येष्ठाच्या तोंडावर एका सकाळी ते माझ्यामागं अंगणवाडीत आले. का, ते बोलले नाहीत. दाराशी बसून मुलं बघत राहिले. आमच्या अंगणवाडीची पायरी तीन वर्षांपासून फुटलेली. मी अर्ज केले, फोटो पाठवले, पाहणी झाली, पुन्हा फोटो मागवले. रोज एखादं पोर तिथं अडखळायचं. त्या दिवशीही एक मुलगी पडली, गुडघा फुटला, भोकाड पसरलं. मिस्त्री उठले. शेजारच्या बांधकामावरून पाटीभर वाळू, थोडं सिमेंट मागून आणलं. थापी नव्हती, तर माझं उलथनं घेतलं. मुलांनी खडे गोळा करून दिले, निम्मे चुकीचे. तासाभराचं काम, पण त्यांनी दुपार केली. कड पुन्हा पुन्हा बोटानं पुसली. मग लांब जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं.

"उतार ठिवलाय," ते म्हणाले. "पावसाचं पाणी आत याचं न्हाय. उद्यापतूर पाय ठिवू देऊ नको कुणाला. पोती टाक वर, सांजचं पाणी मार."

दीड महिन्यातलं ते त्यांचं सर्वांत लांब बोलणं. मी तोंड फिरवून खिचडीच्या पातेल्याकडं गेले. उलथन्याचं वाटोळं झालं होतं. पुढच्या आठवड्यात वरून विचारणा आली: पायरीचं काम कुणाच्या परवानगीनं झालं, आणि कामाआधीचा फोटो कुठं आहे? मी उत्तर दिलं नाही. द्यायला पाहिजे होतं, अजून एक पत्र वाढलं.

पावसाळा सरल्यावर त्यांनी एका गुरुजींच्या दोन खोल्यांचं काम धरलं, गावातच. मला वाटलं, चला, पुन्हा पूर्वीसारखं. कसलं पूर्वीसारखं! पहिल्याच दिवशी गुरुजी आमच्या दारात, त्रासलेले.

"वहिनी, मिस्त्री काम सुरू करीनात. कठडा बांधा म्हणत्यात परांचीला. पट्टे आणा, टोप आणा. अहो दोन खोल्यांचं घर हाय, विमानतळ न्हाय!"

मी बघायला गेले. मिस्त्री वाळूच्या ढिगावर स्वस्थ बसलेले. हाताखालची दोन माणसं गुरुजींनी आणून दिलेले टोप हातात घेऊन हसत होती. एकानं त्यात पाणी भरून पिऊन दाखवलं. मिस्त्री ढिम्म. "कठडा न्हाय तर काम न्हाय," एवढंच. एक माणूस वैतागून निघून गेला, म्हणाला, कंपनीत जाऊन याला वारं लागलं. तेवढ्यात रशीदभाई काठी टेकत आले. कुणाला काही समजावलं नाही. परांचीखाली उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, "मी हितं उभा ऱ्हातो. ज्याला बिनटोपाचं चढायचं, त्यानं आधी माझी चाल बघावी." आणि अंगणभर एक फेरी मारली. दुपारपर्यंत कठडा बांधून झाला.

मग मिस्त्रींनी गुरुजींना बाकीचं सांगितलं. आठ ते पाच. जेवणाला तासभर. रविवारी बंद.

"आन अमावास्या?" गुरुजींनी खोचून विचारलं.

"ती बी बंद."

घर उशिरा झालं. गुरुजी कुरकुरले, गावानं चेष्टा केली, दोन कामं हातची गेली. पण गृहप्रवेशाला गुरुजींनी मिस्त्रींना पाटावर बसवून टोपी-उपरणं दिलं, आणि मिस्त्रींनी सगळ्या पाहुण्यांना त्या घराच्या एकेका भिंतीशी नेऊन, इथं काय केलं, तिथं का केलं ते सांगितलं. जेवणं खोळंबली.

ते घर चालू असतानाच, दिवाळीत, अक्षय साहेबांचा फोन आला. नवीन साइट, कळंबजवळ, चांगले गवंडी मिळत नाहीत. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, तुमी घरी जाऊन आलाव का?" मिस्त्रींनी फोन ठेवला नाही. थांबून राहिले. शेवटी पलीकडून "बघतो" असं काहीसं ऐकू आलं. पुढं त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. कंपनीत विचारलं तर सांगतात, ते आता इथं नाहीत. म्हणजे घरी गेले की दुसऱ्या साइटवर, ते कुणी सांगत नाही. त्यालाही कॉलम नसणार.

तेव्हापासून हा तिसरा उन्हाळा. मिस्त्री साडेपाचला घरी येतात, माझ्या आधी. मी आता अंगणवाडी सुटली की तोंडं धरत घरोघर फिरून येते, खांद्यावरची पिशवी टाकते, आणि फोन घेऊन बसते, कारण दिवसभरात न जुळलेली सात तोंडं सहाच्या आत भरायची असतात. डोकं ठणकत असतं. आणि हे बोलायला सुरुवात करतात. आजच्या भिंतीत खिडकी कुठं घेतली. मालकाला पश्चिमेला पाहिजे होती, ह्यांनी दक्षिणेला का वळवली. नदीची वाळू आणि ही दळलेली वाळू यात हाताला काय फरक लागतो. नव्या माणसानं वीट उलटी लावली ती कशी काढली. थांबतच नाहीत. मला त्यातलं निम्मं कळत नाही आणि निम्म्यात रस नाही. फोन फिरतोय, फिरतोय, सर्व्हर व्यस्त आहे म्हणतोय. दहा वेळा तोंडावर येतं, मिस्त्री, जरा गप्प बसा हो!

"...तर म्या त्याला म्हणलं, कोपरा आधी उचल. तो ऐकतोय व्हय?" एवढं बोलून ते थांबतात, माझ्याकडं बघतात. मी ऐकतेय का, याची खात्री करायला.

मी फोन पालथा घालते. सात तोंडं भरायची राहतात.

"मग?" मी म्हणते.